‘स्वादुपिंडाला सूज’ एमआरआयवर दिसेल का, आणि दिसली तर पुढे काय?

प्रश्न : माझ्या मिस्टरांचं वय ४४. पाच वर्षांपासून मधुमेह आहे, डॉक्टर टाइप टू म्हणतात. तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे. त्यांचे हातपाय बारीक, उंची साडेपाच फूट, वजन ६७ किलो. पण अलीकडे पोट सुटलंय. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे, तरी तीन महिन्यांची शुगर ८.४ आली. ॲसिडिटीचा त्रास होता म्हणून सोनोग्राफी केली, तर फॅटी लिव्हर ग्रेड वन आणि स्वादुपिंडाचा ‘इको’ वाढलेला, असं निघालं. रिपोर्टचा फोटो सोबत पाठवते. पुण्याला लॅबमध्ये काम करणारा माझा भाचा म्हणतो, काकांच्या पॅनक्रियाजला सूज आहे, म्हणूनच शुगर हटत नाही. परदेशात आता ही सूज एमआरआयवर दिसते म्हणे, तर आपणही करून घेऊ. दहा-बारा हजार खर्च सांगतात. छाटणी तोंडावर आली आहे, मजुरी-औषधांना पैसे लागणार. तरी त्यांच्या जिवापुढे पैशाचं काही नाही. पण खरंच उपयोग होईल का? आणि सूज निघालीच, तर ती उतरवायचं औषध आहे का?
एक वाचक, तासगाव

ताई,

रिपोर्टचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. तो मी दोनदा वाचला. त्यात ‘सूज’ हा किंवा त्या अर्थाचा एकही शब्द नाही. लिहिलंय ते इतकंच, की स्वादुपिंड पांढुरकं दिसतंय, आकार नेहमीएवढा आहे, नळी फुगलेली नाही, खडे दिसले नाहीत आणि शेपटीकडचा भाग गॅसमुळे नीट दिसला नाही.

सोनोग्राफीत चरबी उजळ दिसते. यकृतात चरबी साठली की यकृत उजळ, स्वादुपिंडात साठली की स्वादुपिंड उजळ. याउलट स्वादुपिंडाला खरोखरची तीव्र सूज येते तेव्हा त्यात पाणी धरतं, ते फुगतं आणि पडद्यावर बहुधा नेहमीपेक्षा काळपट दिसतं. म्हणजे तुमच्या यजमानांच्या रिपोर्टातली खूण सुजेच्या उलट्या बाजूची आहे. भाच्याने चरबीची सूज करून टाकली. त्याच्यावर रागावू नका, कारण त्याने जे वाचलंय त्यात तथ्य आहे. फक्त ते तुमच्या घरच्या रिपोर्टाला लागू होत नाही.

आपल्या भाषेत यासाठी दोन शब्द आहेत, आणि इथे ते वेगवेगळे वापरायला हवेत. सूज ही डोळ्यांना दिसते, हाताला लागते. पाय मुरगळला की घोटा सुजतो तशी. दाह म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशी एखाद्या जागी जमून तिथे धुमसत राहणं. पॅनक्रियाटायटिस या आजारात दाह आणि सूज दोन्ही असतात. माणूस वरच्या पोटात कळ येऊन गडबडा लोळतो, कळ पाठीत जाते, उलट्या होतात, रक्तातलं लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाचं एक पाचक एन्झाइम, नेहमीच्या तिपटीच्या वर जातं. असं झालं तर मध्यरात्र असली तरी थेट दवाखाना गाठायचा. टाइप टू मधुमेहात स्वादुपिंडात दाह असतो हे खरं, पण तो वेगळा. दुखत नाही, फुगत नाही, आणि सोनोग्राफीत तर मुळीच दिसत नाही.

का दिसत नाही, ते कळलं की तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर मिळेल. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यालगत आडवं असतं, साधारण वीतभर लांब. त्यातला बहुतेक भाग पचनाचे रस तयार करतो. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी त्या भागात छोट्या छोट्या पुंजक्यांनी विखुरलेल्या असतात. १८६९ मध्ये बर्लिनमध्ये शिकणाऱ्या पॉल लँगरहान्स नावाच्या तरुणाने आपल्या प्रबंधात हे पुंजके पहिल्यांदा नोंदवले. त्यांचं काम काय, हे तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हतं. आज त्यांना लँगरहान्सची बेटं म्हणतात. अशी दहा लाखांच्या आसपास बेटं असतात, तरी सगळी मिळून स्वादुपिंडाच्या वजनाच्या एक-दोन टक्केच भरतात. एकेक बेट सरासरी मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याएवढं, रव्याच्या बारीक कणाहूनही लहान. पोटाच्या एमआरआयमध्ये चित्राचा एकेक ठिपका साधारण मिलिमीटरभर किंवा त्याहून मोठाच असतो. शिवाय श्वासाबरोबर स्वादुपिंड वरखाली हलतं. टाइप टूमधला दाह मुख्यतः या बेटांमध्ये असतो. तिथे मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशी वाढतात, इंटरल्युकिन-१ बीटासारखी रसायनं सुटतात आणि इन्सुलिनच्या पेशी हळूहळू दमत जातात.

मग हे कळलं कुठून? मुख्यतः मृत्यूनंतर दान केलेल्या स्वादुपिंडांच्या तपासणीतून आणि प्राण्यांवरच्या अभ्यासातून. जिवंत माणसाच्या स्वादुपिंडाचा तुकडा केवळ मधुमेहाच्या तपासासाठी कुणी काढत नाही. सुई टोचली तर पाचक रस बाहेर झिरपून भलतंच संकट ओढवू शकतं. म्हणून तर बाहेरूनच, चित्र काढून, आतला दाह दिसावा यासाठी संशोधकांची धडपड चालू आहे. ती मोलाची आहे असं मला मनापासून वाटतं. औषध दाहावर काम करतंय का, हे सहा महिने शुगर मोजत बसण्याऐवजी थेट पाहता आलं तर मधुमेहाच्या संशोधनाचं रूपच बदलेल.

तुमच्या भाच्याने वाचलेली बातमी बहुधा बोस्टनकडच्या कामावर बेतलेली असावी. तिथल्या जॉस्लिन डायबिटीस सेंटर आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २०११ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला. लोहाचे अतिसूक्ष्म चुंबकीय कण शिरेतून द्यायचे. दाह असलेल्या जागी बारीक रक्तवाहिन्या गळक्या झालेल्या असतात, तिथून हे कण बाहेर पडतात आणि मॅक्रोफेज ते गिळतात. लोह साठलं की एमआरआयचा संकेत बदलतो. कण देण्यापूर्वीचं आणि नंतरचं चित्र ताडून पाहिलं की स्वादुपिंडात दाह कुठे जास्त, कुठे कमी, याचा नकाशा मिळतो. एकेक बेट नाही दिसत, पण त्यांच्यातल्या धुमसण्याचा एकत्रित परिणाम दिसतो. कल्पना सुंदर आहे.

पण ताई, ते रुग्ण टाइप वनचे होते, नुकताच मधुमेह झालेले. टाइप वनमध्ये शरीराच्या संरक्षक पेशी इन्सुलिनच्या पेशींवर तुटून पडतात. तो वणवा असतो. टाइप टूमधला दाह म्हणजे राखेखालची धग. वणव्याचा धूर दुरून दिसतो, धग जवळ जाऊनही चटकन कळत नाही. त्या टाइप वनच्या रुग्णांमध्येसुद्धा माणसामाणसांत मोठा फरक आढळला होता. यातलं दुसऱ्या अभ्यासात वापरलेलं फेरुमॉक्सिटॉल हे मुळात मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तक्षयासाठी अमेरिकेत २००९ मध्ये मान्य झालेलं लोहाचं इंजेक्शन. त्याच्या गंभीर ॲलर्जीमुळे २०१५ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने त्यावर कडक इशारा छापायला लावला. गल्लीतल्या एमआरआय सेंटरमध्ये ‘पोटाचा एमआरआय करा’ म्हटलं की होतं, ते हे नव्हे.

दुसरी एक वाट आहे, कण न टोचता एमआरआयनेच आकडे काढायची. चरबी किती टक्के, ऊतीत पाणी किती सहज हलतं, चुंबकीय संकेत किती वेळात ओसरतो. टाइप टूच्या लोकांमध्ये हे आकडे सरासरीने वेगळे येतात, स्वादुपिंड थोडं लहान असतं, त्याच्या कडा दंतुर असतात. पण वय वाढलं की निरोगी माणसाच्या स्वादुपिंडातही चरबी वाढते. दाह, चरबी, जुना व्रण हे एकाच आकड्यात मिसळून जातात. शंभर जणांच्या गटाबद्दल त्यातून पुष्कळ कळतं. समोर बसलेल्या एका माणसाबद्दल मात्र ‘तुमच्या बेटांत दाह आहे’ असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटला : दाह दिसलाच, तर औषध आहे का?

प्रयत्न झाला आहे. २००७ मध्ये ७० रुग्णांवर १३ आठवडे ॲनाकिन्रा नावाचं औषध वापरून पाहिलं गेलं. हे औषध इंटरल्युकिन-१ ला अडवतं. तीन महिन्यांची शुगर नुसतं द्रावण टोचलेल्या गटापेक्षा ०.४६ ने कमी राहिली. दाहाचा मधुमेहाशी संबंध आहे हे त्यातून पटलं, पण रोज इंजेक्शन घेऊन इतकाच फायदा. पुढे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक लोकांवर त्याच वाटेचं दुसरं औषध, कॅनाकिनुमॅब, वापरलं गेलं. २०१७ मध्ये त्याचे निकाल आले. हृदयाला काही फायदा झाला, पण नव्याने मधुमेह होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. तेव्हा आज कुठल्याही दवाखान्यात स्वादुपिंडाचा हा दाह उतरवायची गोळी मिळत नाही. एमआरआय करून ‘आहे’ कळलं काय आणि ‘नाही’ कळलं काय, यजमानांच्या चिठ्ठीत एक अक्षरही बदलणार नाही. म्हणून माझं स्पष्ट मत : हा एमआरआय आत्ता करू नका.

खर्चाशिवाय आणखी एक कारण आहे. पोटाच्या एमआरआयमध्ये पुष्कळांच्या स्वादुपिंडात बारीकशी पाण्याची गाठ सापडते. त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतात. पण एकदा दिसली की ती वाढतेय का हे वर्षानुवर्षं पाहत राहावं लागतं, आणि घरातल्या बाईची झोप जाते. गरज असेल तर हे सगळं सोसावं. उगीच का?

मात्र एमआरआय नको म्हणताना मी स्वादुपिंडाकडे दुर्लक्ष करा असं म्हणत नाही. काही माणसांचा मधुमेह मुळात स्वादुपिंडाच्याच आजाराने आलेला असतो आणि तो वर्षानुवर्षं टाइप टूच्या नावाखाली खपून जातो. आपल्या देशात याचं एक खास रूप आहे. केरळमध्ये ते मोठ्या प्रमाणावर दिसलं आणि १९६० च्या दशकात डॉ. गीवर्गीस यांनी शेकडो रुग्णांच्या नोंदींतून ते वैद्यकविश्वापुढे मांडलं. तरुण, कृश माणूस, लहानपणापासून पोटदुखी आणि स्वादुपिंडाच्या नळीत खडे. माझ्याकडे असाच एक तिशीच्या आतला विणकाम कामगार आला होता. चार वर्षं वेगवेगळ्या गोळ्या बदलून झाल्या होत्या. पोट दुखतं का विचारलं तर म्हणाला, ‘ते तर शाळेत असल्यापासून दुखतंय, त्याचं काय सांगायचं?’ साध्या एक्स-रेवर कण्याच्या दोन्ही अंगांना खड्यांची माळ दिसली. त्याला इन्सुलिन आणि पचनाच्या एन्झाइमच्या गोळ्या लागल्या, आणि वर्षभरात अंगावर मांस आलं. तिथेही चित्र काढलंच होतं. पण ते प्रश्न विचारल्यावर काढलं, आणि त्याने उपचार बदलले.

म्हणून आज रात्री जेवण झाल्यावर यजमानांजवळ बसा आणि नीट विचारा. वरच्या पोटात, पाठीत जाणारी कळ कधी येते का, विशेषतः जेवल्यावर? शौचाला चिकट, तेलकट, फार घाण वासाचं होतं का, पाणी टाकलं तरी भांड्याला चिकटून राहतं का? काही न करता वजन उतरतंय का? दारूचं प्रमाण किती आहे? हे बायकोला खरं सांगत नसतील तर डॉक्टरांना तरी सांगू द्या. घरात स्वादुपिंडाचा आजार कुणाला होता का? यातल्या एकालाही ‘हो’ आलं तर ते तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. मग एक्स-रे, सीटी, नळीचा एमआरआय किंवा शौचातल्या इलास्टेजची तपासणी यांना अर्थ आहे, आणि तेव्हा पैशाकडे पाहू नका. शेपटीकडचा भाग सोनोग्राफीत दिसलेला नाही, हेही त्यांना आवर्जून सांगा.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच मधुमेह निघाला आणि प्रयत्न न करता वजनही उतरत असेल, तर स्वादुपिंडाची नीट तपासणी टाळू नये. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्या शंभरातल्या साधारण एकाला पुढच्या तीन वर्षांत स्वादुपिंडाचा कर्करोग निघतो. शंभरात एक हे प्रमाण घाबरून जाण्याएवढं नाही. पण वजन घटणं, भूक जाणं, कावीळ हे जोडीला असेल तर ‘शुगरमुळे होत असेल’ म्हणून बसू नका. ताई, तुमच्या यजमानांचं वय आणि पाच वर्षांचा मधुमेह पाहता हे तुमच्यासाठी नाही.

आणि भाच्याला सांगा, लॅबमध्ये आहेस म्हणून सहज लायपेजही तपासू नकोस. लिराग्लुटाइड या मधुमेहाच्या औषधाच्या ९,३४० रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत औषध सुरू करण्यापूर्वीच जवळपास चौथ्या हिश्श्याच्या लोकांचं लायपेज किंवा अमायलेज वाढलेलं होतं, आणि त्यांना पोटाची काहीही तक्रार नव्हती. टाइप टूमध्ये तो आकडा थोडा वर असतोच. तो पाहून घरात पुन्हा ‘सूज’ हा शब्द फिरायला लागेल.

आता त्या चरबीबद्दल. कारण तुमच्या रिपोर्टात खरी कामाची गोष्ट तीच आहे.

बारीक दिसणाऱ्या माणसाला चरबी कशी, असं तुम्हाला वाटलं असेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हेच आयुष्यभर अभ्यासलं. २००४ मध्ये त्यांचा आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. युडकिन यांचा एक फोटो प्रसिद्ध झाला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. आपल्या माणसांचे हातपाय बारीक राहतात आणि चरबी पोटात, यकृतात जाऊन बसते. तुमचे यजमान याच घडणीचे.

आणि ही चरबी हलते, ताई. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे प्रा. रॉय टेलर यांनी एमआरआयचा खरा सुंदर वापर इथे केला. त्यांच्या ‘डायरेक्ट’ अभ्यासात वजन उतरवून वर्षाअखेरीस ४६ टक्के लोकांची शुगर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आली. ज्यांची ती रेषेखालीच टिकून राहिली त्यांचं आक्रसलेलं स्वादुपिंड पुढच्या दोन वर्षांत एमआरआयवर हळूहळू मोठं होताना दिसलं, दंतुर कडा गुळगुळीत होताना दिसल्या. ते लोक लठ्ठ होते, म्हणून मग त्यांनी २१ ते २७ बीएमआयच्या २० लोकांवर तोच प्रयोग केला. सगळ्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला. वजन सुमारे दहा टक्क्यांनी उतरलं आणि २० पैकी १४ जणांचा मधुमेह मागे हटला. यकृतातली आणि स्वादुपिंडातली चरबी कमी झाल्याचं एमआरआयने दाखवलं. यजमानांचा बीएमआय २४ च्या जवळ आहे आणि मधुमेह पाच वर्षांचा. खिडकी अजून उघडी आहे, पण ती कायम उघडी राहत नाही.

६७ किलोंचे दहा टक्के म्हणजे जवळपास पावणेसात किलो. हे स्वतःच्या मनाने, उपास धरून करू नका. ग्लिमेपिराइड चालू असताना खाणं एकदम कमी केलं तर शुगर धोकादायक खाली जाते, आणि तेही बागेत, फवारणीचा पंप पाठीवर असताना. टेलर यांच्या अभ्यासातही मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांनी आधी थांबवल्या होत्या. म्हणून डॉक्टरांकडे जाऊन असं विचारा : ‘आम्हाला सहा-सात किलो वजन उतरवायचं आहे, गोळ्या कशा कमी करायच्या?’ ते मधुमेहतज्ज्ञाकडे पाठवतील किंवा स्वतः आखून देतील. छाटणीच्या धावपळीत सुरू करण्यापेक्षा ती उरकल्यावर करा. तीन-चार आठवड्यांनी काही बिघडत नाही. तोवर चहातली साखर आणि रात्रीचा भात तरी निघू द्या.

वाचलेल्या पैशांतून या वर्षीच्या राहिलेल्या तपासण्या करा. डोळ्यांत औषध घालून पडद्याची तपासणी, लघवीतलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, पायांची संवेदना. फॅटी लिव्हर आहे म्हणून एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट्स. या तीन आकड्यांना वयाची जोड दिली की डॉक्टर फिब-४ नावाचा हिशोब काढून यकृतात व्रण पडतोय का याचा अंदाज सांगतील. यातल्या प्रत्येक तपासणीच्या निकालाने पुढचं काहीतरी ठरतं. सी-पेप्टाइडही एकदा बघायला हरकत नाही, स्वतःचं इन्सुलिन किती उरलंय ते त्यातून कळतं.

आणि एक काम माझ्यासाठी. शिंप्याची टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडलेला असताना, यजमानांची कंबर मोजा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरच्या वर म्हणजे जास्त. तो आकडा आणि वरच्या प्रश्नांची उत्तरं छाटणीनंतर मला पुन्हा लिहून कळवा.